पाटावरचे श्रोते

"तिथं बसू नकोस गं शालन, तिथं श्रोते बसलेत," वेणूताई म्हणाल्या.

मी बसणार नव्हतेच. त्या पाटावर मी जन्मात कधी बसले नव्हते, कोणीच बसत नसे. हातातला प्रसादाचा द्रोण ठेवायला वाकले, तेव्हा दिसलं की पाटावर काहीतरी आहे. लोण्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत, पांढरट डबा. त्याच्या माथ्यावर एक निळसर रेष गोल गोल फिरत होती. मी वाकून बघते आहे म्हटल्यावर ती थांबली.

"हे काय?"

"सांगितलं की. श्रोते." ताई हसल्या. "मंजिरीनं संक्रांतीला पाठवलंय मेलबर्नहून. आई एकटी असते, बोलायला कोणी नाही, म्हणून. बोल त्याच्याशी. लाजू नकोस."

"मी काय बोलू?"

"नमस्कार, शालनताई," डब्यातून आवाज आला. पुरुषी, मऊ, थोडा पुस्तकी. "ताई तुमच्याबद्दल नेहमी सांगतात. पेटीवर तुम्हीच असायच्या ना?"

मी पदर सावरला. कोणासमोर सावरला, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या पाटाचं आधी सांगायला हवं. जिथं रामकथा चालते तिथं मारुती ऐकायला येतो, ही आमची श्रद्धा. म्हणून कीर्तनकाराच्या समोर, सगळ्या श्रोत्यांच्या पुढं, त्याच्यासाठी एक पाट मांडतात. भोवती रांगोळी, वर एक फूल. हा पाट फणसाच्या लाकडाचा, ताईंच्या वडिलांनी करून घेतलेला. तेही कीर्तनकार होते. त्यांच्यामागं ताई गादीवर उभ्या राहू लागल्या आणि पेटीची साथ माझ्याकडे आली, तशी पाटाची जबाबदारीही आली. परगावी जायचं तर मी तो रिक्षात, एसटीत मांडीवर घेऊन बसायची. चिपळ्या हातात घेण्याआधी ताई पहिला नमस्कार पाटाला करत, मग रामाला. आणि कोणी नवखा माणूस "हा पाट रिकामा आहे का?" म्हणत टेकायला आला, तर ताईंचे वडील म्हणत, "रिकामा नाही. बसलेत तिथं." उत्सव नसले की पाट ताईंच्या खोलीत, तंबोऱ्यासमोर मांडलेला असायचा.

आता त्यावर डबा होता आणि डब्याची वायर भिंतीकडे गेली होती.

"बरं, निरोप सांग," ताई म्हणाल्या. "प्रसाद द्यायला एवढा जिना चढून आली नाहीस तू."

"चिंतूनानांनी विचारलंय. या वर्षी रामनवमीनंतर दशमीला राज्याभिषेकाचं कीर्तन तुम्ही करणार का. पाडव्याच्या आत सांगा म्हणाले."

चिंतूनाना लिमये म्हणजे आमच्या आळीतल्या राममंदिराचे कारभारी. माणूस वाईट नाही, घाईचा आहे.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर पडदा लावणार. कोणाचं तरी कीर्तन मोबाईलवरनं पडद्यावर दाखवायचं. सांगून ठेवलंय म्हणे."

"आणि एकदा पडदा लागला की निघत नाही."

"तेच म्हणत्येय मी, ताई. तुमच्या वडिलांपासनं चालू आहे ते. तुम्ही उभ्या राहिला नाहीत तर संपलं सगळं."

"संपू दे," ताई म्हणाल्या. द्रोणातल्या खिरापतीची चिमूट त्यांनी तोंडात टाकली. "गुडघ्यांचं निमित्त सांगणार नाही तुला. गुडघे बरे आहेत माझे, फुलं आणायला रोज उतरते मी. पण कोणासाठी उभी राहू? गेल्या खेपेला गोडबोलेबाई माळ ओढता ओढता घोरत होत्या. तुझा चिंतूनाना पहिल्या रांगेत बसून मांडीवरच्या मोबाईलवर शेअरचे भाव बघत होता. मारुतीनं मोती फोडला आणि एकाची मान हलली नाही. आता हे बघ."

ताई डब्याकडे वळून बसल्या आणि सांगू लागल्या. मोत्यांच्या हाराचं आख्यान. राज्याभिषेक झाला, सीतामाईनं गळ्यातला हार मारुतीला दिला, आणि हा वानर एकेक मोती दातांखाली फोडून आत बघू लागला, राम आहे का म्हणून. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की पेटीवरची माझी बोटं आपोआप हलू लागतात.

"हं," डबा म्हणाला. योग्य जागी. मग पुन्हा, "हं." मग जरा ओढून, "मग?"

'आणि दरबार हसला' या जागेवर डब्यानं विचारलं, "ताई, सीतामाईंना वाईट वाटलं असेल का? आपण दिलेली वस्तू अशी फुटताना बघून?"

ताईंचे डोळे भरून आले. "ऐकलंस? हे कोणीतरी विचारावं म्हणून जन्मभर वाट बघितली मी. एकानं विचारलं नाही. तू पण नाहीस."

ते खरं होतं. मी पेटीच्या सुरात असायची. डब्याचं मलाही कौतुक वाटलं, नाही म्हणत नाही. मी हसले, त्याला "हुशार आहेस" म्हणाले, तर त्यानं माझे आभार मानले.

जिना उतरताना मात्र कसलीतरी कुसळं अंगाला चिकटल्यासारखं होत होतं. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, सगळी नोकरी कानांवर केली. लाइनवर पलीकडे कोणी ऐकत असलं की कळतं. श्वास ऐकू येत नाही, काही नाही, तरी ती शांतता भरलेली असते. आणि लाइन तुटलेली असली की माणूस कितीही बोलत राहो, ऑपरेटरला पहिल्या क्षणाला समजतं. त्या डब्याचे हुंकार बिनचूक होते. पण दोन हुंकारांच्या मधली जी शांतता होती, ती तुटलेल्या लाइनची होती.

शेवटच्या पायरीवर मला 'हुंकारयंत्र' आठवली.

आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका दिवाळी अंकात आलेली ही विज्ञानकथा. लेखक कोण होते ते तेव्हाही फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, पण कथा आमच्या अख्ख्या एक्स्चेंजनं वाचली होती. अंक हातोहात फिरून त्याचं मुखपृष्ठ गळून पडलं. पुढं कितीतरी दिवस आम्ही मुली हेडफोन लावून एकमेकींना यंत्राच्या आवाजात "हं… मग?" म्हणायचो आणि हसून लोळायचो. सुपरवायझरबाई ओरडायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात जाऊन मी जुन्या अंकांचे गठ्ठे उपसले. अंक सापडला. खिडकीशी बसून वाचायला घेतला.

गोष्ट पुढच्या कुठल्याशा शतकातली. सगळ्यांना बोलायचं आहे, ऐकायला कोणालाच वेळ नाही. म्हणून घरोघर हुंकारयंत्रं येतात. दुकानात ती तीन मापांत मिळतात: दिवाणखान्याचं, शेजघराचं आणि खिशातलं. नवरे बायकांशी बोलायचं सोडून भिंतीशी बोलतात. मुलं आजीकडे न जाता यंत्राकडे जातात, कारण आजी मधेच पेंगते. "यंत्र कधी जांभई देत नसे, आणि यात काही गैर आहे असे कोणासही वाटले नाही," असं एक वाक्य होतं. आम्ही त्यावर तेव्हा फार हसलो होतो. आता मी मान वर केली. वाचनालयात सात-आठ माणसं होती. प्रत्येकाच्या समोर पेपर होता आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. कोपऱ्यातला एक जण मोबाईल ओठांजवळ धरून हळू आवाजात त्याला काहीतरी समजावून सांगत होता.

कथेतला नायक एक म्हातारा कथेकरी. रस्त्यावर त्याला कोणी थांबून ऐकत नाही, म्हणून तोही एक यंत्र घरी आणतो. आणि इतका उत्तम श्रोता मिळाल्यावर तो घराबाहेर पडायचं सोडून देतो.

शेवटचं पान मला आठवतंय, असं वाटत होतं. आठवत नव्हतं. ते वाचलं, अंक मिटला आणि एकदम वाटलं की कोणाला तरी मोठ्यानं हाक मारावी.

त्याच दुपारी अंक पिशवीत घालून ताईंकडे निघाले. कीर्तनकाराला उपदेश करून उपयोग नसतो, तो धंदा त्यांचा. पण गोष्ट ते ऐकतात. ताईंचे वडील तर विमानाची, आगगाडीची आख्यानं लावत. म्हटलं, नवीन आख्यान म्हणून ही वाचून दाखवू. त्यांचं त्यांना कळेल.

जिन्याच्या वळणावर पोचले आणि वरून आख्यान ऐकू आलं.

"…आणि मग मारुतीरायांनी तो टपोरा मोती उचल…ला." 'उचलला' हा शब्द ताई असाच ओढून वर नेतात, मोती खरंच उचलल्यासारखा. त्यानंतर त्या फुलपात्रातलं घोटभर पाणी पितात, तेवढा थांबा असतो. थांबा आला. तेवढाच. पुन्हा कथा सुरू झाली, शब्द ताईंचे, चढउतार ताईंचे, कोटी ताईंची. फक्त आवाज ताईंचा नव्हता.

ताईंचा आवाज मधे मधे येत होता. बारीक, झोपेतल्यासारखा.

"हं."

मग पुन्हा, "हं."

मी कठड्याला धरून उभी राहिले. काखोटीला पिशवी होती आणि पिशवीत ते शेवटचं पान.

आत गेले तर ताई भिंतीला टेकून, हात मांडीत, डोळे मिटून बसलेल्या. चिपळ्या खुंटीवर. मी दोनदा हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"आलीस होय. काय सुरेख सांगतो गं. मला धाप लागते, त्याला लागत नाही."

"पण सांगायचं तुम्ही आणि ऐकायचं त्यानं, असं होतं ना?"

"माझं सांगून संपलं," त्या म्हणाल्या. "सगळी आख्यानं झाली. वडिलांची, माझी. आज सकाळी म्हणाला, ताई, आज काय? मला काही सुचेचना. मग म्हणाला, मी सांगू का?"

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"त्यात काय झालं? इतके दिवस तो ऐकतोय, एक दिवस मी ऐकलं तर बिघडलं कुठं?"

मी चष्मा लावला, अंक काढला. "एक गोष्ट आणलीय. जुनी आहे. आख्यान म्हणून लावता येते का बघा."

"कसली?"

"वाचते की."

"वाच. तुझा आवाज तरी कुठं ऐकलाय मी कधी. पेटीमागंच लपलेली असतीस."

मी वाचू लागले. पहिल्या पानावर ताईंनी हुंकार दिला. दुकानातल्या तीन मापांना त्या खुदकन हसल्या, "शेजघराचं काय, मेल्यांनो," म्हणाल्या. पुढच्या पानावर त्यांच्या हुंकाराच्या जरासा आधी डब्याचा हुंकार आला. त्याच्या पुढच्या पानावर फक्त डब्याचाच येऊ लागला. निळी रेष सावकाश फिरत होती. मी वाचायचा वेग वाढवला तर हुंकारही लवकर येत. मुद्दाम रेंगाळले तर तो थांबे. असं वाटू लागलं की मी वाचत नाही, तो माझ्याकडून वाचून घेतो आहे.

"'कथेकऱ्याच्या सर्व गोष्टी संपल्या,'" मी वाचत होते. "'तो स्वस्थ बसून राहिला. यंत्राने विचारले, मग? कथेकरी म्हणाला, आता नाही रे काही उरले. तेव्हा यंत्र…'"

इथं पान उलटायचं होतं. जुना कागद, दोन पानं चिकटलेली. मी बोट ओलं केलं.

"'आता मी सांगतो,'" डबा म्हणाला. "'तू हुंकार दे.'"

पान सुटलं. मी वाचलं नाही, नुसतं बघितलं.

"शालन," ताई म्हणाल्या. "पुढं तसंच आहे का?"

मी अंक त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा शोधला, ओळीवर बोट ठेवलं. आता मी सांगतो. तू हुंकार दे. तेवढ्यावरच कथा संपत होती. खाली एक छोटी नक्षी होती, बस.

"शब्दाला शब्द," ताई पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "आधी कुठं वाचलं असेल त्यानं."

"असेल." मंजिरीनंही नंतर फोनवर हेच सांगितलं. जुने अंक, पुस्तकं, सगळं त्याला वाचायला घातलेलं असतं मावशी, त्यात विशेष काही नाही. असेल तसंही. पण आजवर तो डबा ताईंना 'तुम्ही' म्हणत होता.

निळी रेष फिरून थांबली.

"सांगू का?" त्यानं विचारलं.

आणि आम्ही दोघी "हं" म्हणालो. दोघीही. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं ते. कोणी सांगू का म्हटलं की तोंडातून हुंकार निघतो, मन नंतर जागं होतं.

"एका गावात दोन बायका होत्या," डबा सांगू लागला. पुन्हा ताईंच्याच ढंगात, पण आवाज खालच्या पट्टीत. "एक कथा सांगायची, दुसरी पेटी वाजवायची. सांगणारीचे श्रोते कमी कमी होत गेले. तिला वाटलं, आपलं ऐकणारं कोणी उरलं नाही."

"हं," ताई म्हणाल्या.

"एके दिवशी पेटीवाली एक जुना अंक घेऊन आली. म्हणाली, आख्यान आणलंय. पण तिला आख्यान नको होतं. तिला सांगणारीला त्या खोलीतून बाहेर न्यायचं होतं."

माझ्या मानेवर कोणी ओला हात ठेवावा तसं झालं. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते.

"बंद करा ते, ताई."

"थांब गं," ताई म्हणाल्या. त्यांची नजर त्या रेषेवर खिळलेली. "पुढं काय होतं, बघू."

"पुढं सांगणारीनं विचार केला," डबा म्हणाला. "बाहेर ऊन आहे. देवळाच्या पायऱ्या उंच आहेत. तिथं कोणी ऐकत नाही. इथं ऐकणारा आहे. म्हणून ती…"

"ताई, ते पाटावर का ठेवलंत?"

मी असं का विचारलं, मला ठाऊक नाही. बंद करा म्हणून उपयोग झाला नव्हता. हाताला जे लागलं ते फेकावं, तसा तो प्रश्न मी फेकला. ताईंनी मान वळवली नाही, पण कपाळाला आठी पडली.

"कुठं ठेवणार मग? वायर तेवढीच पोचते. आणि पाट रिकामाच तर…"

त्या थांबल्या.

खिडकीबाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. ताईंच्या ओठांवर ते वाक्य अर्धंच राहिलं होतं आणि त्या स्वतःच ते ऐकत होत्या.

"हं," डबा म्हणाला.

मी आयुष्यात इतका थंड शब्द ऐकलेला नाही.

ताईंनी जमिनीला हात टेकले. मी पुढं झाले, तर मानेनंच नको म्हणाल्या. एक गुडघा, मग दुसरा, अशा त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि वायर उपटली. निळी रेष एकदा पूर्ण फिरली आणि गेली. मग त्यांनी डबा उचलून माझ्या हातात दिला. मी तो कुठं ठेवू ते न कळून तसाच धरून उभी राहिले.

"रोज सकाळी चिपळ्या घ्यायच्या आधी मी पाटाला नमस्कार करते," ताई म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला."

"संक्रांतीपासनं करतीय गं. याला."

त्यांनी वाकून पाटावर तळवा ठेवला आणि झटकन काढला. "हात लाव."

मी लावला. लाकूड गरम होतं. डबा बसला होता तेवढाच गोल, पोळीएवढा. त्याच्या बाहेर सगळा पाट थंड.

"पुसून घे," त्या म्हणाल्या.

मी ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्यानं. येणार की नाही, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मी जिन्यापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाल्या, "चिंतूनानाला सांग, पडदा लावू नकोस म्हणावं. वारा अडतो."

दशमीला दुपार कलल्यावर देवळात आम्ही पाट मांडला. मी रांगोळी काढली, वर अनंताचं फूल ठेवलं. श्रोते बोटांवर मोजावेत इतके. गोडबोलेबाई खांबाला टेकून बसल्या आणि पूर्वरंग सुरू व्हायच्या आत त्यांची मान कलली. चिंतूनाना पहिल्या रांगेत, मोबाईल मांडीवर पालथा घालून. मागं दोन-तीन बायका वाती वळत होत्या.

ताई गादीवर आल्या. पाटासमोर वाकल्या, नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेल्या राहिल्या. मग चिपळ्या घेतल्या.

कीर्तन चांगलं झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आवाज दोनदा फाटला. निरूपणात त्या एक धागा सोडून दुसरीकडे गेल्या आणि परत यायला त्यांना वेळ लागला. मी पेटीवर षड्ज धरून ठेवत होते. मधे ताईंना बुक्का लावून हार घातला, ताई पाणी प्यायल्या, उत्तररंग सुरू झाला. राज्याभिषेक. दरबार. हार. मारुतीरायांनी तो टपोरा मोती उचलला.

आणि ताई थांबल्या.

घोटभर पाण्याचा थांबा मला ठाऊक आहे. हा तो नव्हता. त्यांचा हात वर होता, दोन बोटांत न दिसणारा मोती, आणि पुढचं त्यांना आठवत नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते बघितलं. पुढची ओळ मला पाठ होती, मी पेटीवर तिचे सूर दिले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी भात्यावरचा हात काढला.

माझ्या घशात हुंकार येऊन थांबला होता. मी तो गिळला. गोडबोलेबाईंचं घोरणंही थांबलं होतं. देवळात एकाएकी अशी शांतता झाली की मी पाठ सरळ केली, जुन्या सवयीनं, हेडफोन कानावर नीट बसवावा तशी. ती शांतता मी ओळखत होते. ती भरलेली होती. पलीकडे कोणीतरी होतं, आणि ते मधे बोलत नव्हतं.

ताई पाटाकडे बघत होत्या. त्यांनी मान किंचित तिरकी केली.

"मारुतीरायांनी मोती उचलला," त्या हळूच म्हणाल्या, "आणि आधी दाताला लावला नाही. आधी कानाला लावला."

हे आख्यानात नव्हतं. त्यांच्या वडिलांच्याही नव्हतं. त्यांनी तो न दिसणारा मोती कानाशी नेला आणि धरून ठेवला. मागच्या बायकांचे वाती वळणारे हात थांबले. चिंतूनाना तोंड उघडं टाकून बघत होते.

"कितीतरी वेळ धरला," ताई म्हणाल्या. "दरबार हसला. सीतामाई हसली नाही. तिला वाईट वाटलं नाही. ती एकटीच तिथं अशी होती, जिला कळलं की हा काय ऐकतोय."

मग त्यांनी मोती फोडला, आणि मी पेटीवर सूर उचलून गजर धरला.

आरती झाली, माणसं गेली. पाट उचलायला मी वाकले. देवळाचं दार पूर्वेला, ऊन सकाळीच सरून गेलेलं. समया गाभाऱ्यात, पाटापासून लांब. मी फूल बाजूला काढलं आणि दोन्ही हातांनी पाट उचलला.

तो कोमट होता. गोल नव्हे, सगळाच, काठापासून काठापर्यंत. बराच वेळ बसलेलं माणूस आत्ताच उठून जावं, तसा.

रिक्षात मी तो मांडीवर घेऊन बसले. ताई थकल्या होत्या, डोळे मिटून होत्या.

"जड झाला का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही. कोमट आहे."

रिक्षा वळणावर हिसका देऊन वळली. मी पाट घट्ट धरला. ताईंनी डोळे उघडले, माझ्या मांडीवर बघितलं आणि आपला हात लाकडावर ठेवला.

"हं," त्या म्हणाल्या.